डाव्या हाताला उजवी अक्षरं

सालेहाचं टायपिंग मी जिन्यातूनच ओळखायची. आमची टायपिंग इन्स्टिट्यूट नांदेडला वजिराबादेत, एका कापड दुकानाच्या माडीवर होती. मी पायऱ्या चढताना मध्येच थांबून वरचा आवाज ऐकायची. कुणाचं यंत्र घाईत असायचं, कुणाचं अर्धवट झोपेत, कुणाचं शेजारणीशी गप्पा मारता मारता. त्यात एक यंत्र असं वाजायचं, की जणू कुणी सुपात गहू पाखडतंय. एकसारखं आणि मऊ. ओळ संपली की घंटी वाजायची, मग डाव्या हाताने दांडा ढकलून कागदाचा रूळ मागे नेल्याचा खर्र आवाज, आणि पुन्हा गहू पाखडणं सुरू.

ती दहावी झाल्यावर मराठी टायपिंग शिकायला आली होती. वडील इतवाऱ्यात शिलाईकाम करायचे, घरात उर्दू, आणि पोरीला तहसीलमध्ये नोकरी मिळावी म्हणून मराठी टायपिंग. नोकरी काही मिळाली नाही. परीक्षेत मात्र तिने असा हात मारला, की मी तिला घरी जाऊच दिलं नाही. "इथंच राहा, पोरींना शिकव," म्हटलं. मी तिच्यापेक्षा फार मोठी नव्हते. पण पहिल्या दिवशी तिने मला "बाई" म्हटलं ते कायमचंच. पुढे आम्ही एका डब्यात जेवलो, एकमेकींच्या बाळंतपणात धावलो, तरी मी बाईच राहिले.

आमच्याकडे एक रीत होती. बोटं जरा बसली की मी पोरींच्या हातांवर पातळ रुमाल टाकायची. खाली बघायचं नाही. अक्षर डोळ्यांनी शोधायचं नाही, बोटाने गाठायचं. पोरी रडकुंडीला यायच्या. सालेहा मात्र रुमालाखाली अशी निवांत असायची, की जणू हात पांघरूण घेऊन झोपलेत.

सरकारने परीक्षा कॉम्प्युटरवर नेल्या, यंत्रं गेली, इन्स्टिट्यूटही गेली. सालेहाने घरी कॉम्प्युटर घेतला आणि लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असली कामं करत राहिली. कळफलक तोच, जुन्या यंत्राच्या जागांचा. एकच खोड तिची गेली नाही. ओळ संपली की तिचा डावा हात वर उठायचा आणि हवेतच नसलेला दांडा ढकलायचा. मी हसायची. ती म्हणायची, "बाई, तुम्हीच लावलेली सवय हाय. आता तुम्हीच हसायला लागलाव."

मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली.

पाय थोडा परत आला, धरून उभी राहण्यापुरता. हात आला नाही. वाचेपैकी एकच शब्द उरला, "अरे". पाणी हवं असलं तरी अरे, दुखलं तरी अरे, मला दारात पाहिलं तरी अरे. डॉक्टर म्हणाले, समजण्याचा प्रश्न आहे की नुसता बोलण्याचा, हे हळूहळू कळेल. पण घरातल्या माणसांना हळूहळू थांबायला वेळ कुठे असतो? तिच्या नवऱ्याला, निजामोद्दीनभाईंना, सुरुवातीला वाटायचं तिला सगळं कळतं. ते तिला विचारून भाजी आणायचे. मग दोन-तीनदा तिची हो-नाहीची मान उलटीच हलली, आणि त्यांनी विचारणं सोडलं. तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायला लागले.

"बाई, आता तिला काय बी समजत न्हाई हो," ते तिचा भांग काढत मला सांगायचे. केस मात्र असे हळुवार विंचरायचे, की कंगव्यालाही कळू नये. आयुष्यभर शिलाई केलेला माणूस, हाताला नाजूकपणाची सवय.

त्यांचा मुलगा यासेर लातूरला एका डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे. त्याने तिकडे घर बांधलं. ईद झाली की अम्मी-अब्बांना लातूरला न्यायचं, असं ठरलं. निजामोद्दीनभाईंनीच मला सांगितलं. सालेहा शेजारी बसली होती, आणि बाप-लेकांपैकी कुणी तिला काही विचारल्याचं त्यांच्या बोलण्यात आलं नाही.

"तिला विचारलं का?" मी म्हटलं.

"तिला काय इचारू, बाई? ती अरे म्हणंल."

आणि खरंच, सालेहा म्हणाली, "अरे."

मी ऑटोत बसून घरी आले आणि चहासुद्धा केला नाही. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. माझे यजमान गेल्यापासून आठवड्यातून दोनदा मी नांदेडातल्याच श्रीनगर भागातून इतवाऱ्यात तिच्या घरी जाते, तेवढंच माझं जाणं. ती गेली तर मी कुठे जाऊ? माझी खात्री होती, की सालेहाला एकदा विचारा, एकदा तिला सांगता येऊ द्या, ती "न्हाई" म्हणेल. फक्त तिला सांगता आलं पाहिजे.

सालेहाची नात, यासेरची मुलगी उमैमा, नांदेडलाच इंजिनिअरिंगला आहे आणि आजी-आजोबांकडे राहते. मला "बाईनानी" म्हणते. मी तिच्यामागे लागले.

"बाईनानी, आपण सगळं करून बघितलं की," ती म्हणाली. "अब्बूंनी टॅब पाठवला, त्याच्यावर क, ख, ग असं क्रमाने मोठं मोठं लावून दिलं. दादी भलतीकडेच बोट ठेवते. कधी कधी तर अक्षर नाही तिथंच, रिकाम्या जागी. डॉक्टरांनी दिलेल्या कार्डावर पण तेच."

"आणि ते बोलून लिहायचं असतं ते?"

उमैमाने मोबाईल दादीच्या तोंडाजवळ धरून दाखवला. सालेहाने डोळे मिटून जिवाच्या आकांताने काहीतरी म्हटलं. पडद्यावर उमटलं, अरे अरे अरे. सालेहाने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडाची डावी बाजू हसली.

वाचलं तिने. मी ते पाहिलं. ज्याला समजत नाही तो असा हसतो का? पण निजामोद्दीनभाई म्हणाले, "ती आताशा कशाला बी हसती."

मी टॅब हातात घेऊन म्हटलं, "म बोल." म्हणजे म दाखव. सालेहाने बोट नेलं ते थेट वर, डावीकडे. टॅबवर तिथे दुसरंच अक्षर होतं. तिने पुन्हा तिथेच नेलं. आणि मला आठवलं, म तिथेच असतो. आमच्या यंत्रावर. डाव्या हाताचं मधलं बोट, वरची ओळ. तिचं बोट अक्षराकडे जातच नव्हतं, ते जागेकडे जात होतं. मीच तर शिकवलं होतं, डोळ्यांनी शोधायचं नाही.

"उमैमा, हे काचेचं ठेव बाजूला. बटणांचं घेऊन ये."

"कीबोर्ड? बाईनानी, एका हाताने?"

"आण तर."

तिने दादीचाच जुना कीबोर्ड माळ्यावरून काढला. अक्षरं कधीच झिजून गेली होती, सगळी बटणं कोरी. तिच्या लॅपटॉपला तो जोडला, आणि दादीच्या सवयीची अक्षररचना लावली. मी सालेहासमोर तो ठेवला. मग पदराखालून माझा रुमाल काढला आणि तिच्या डाव्या हातावर टाकला.

सालेहाने रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पाठ सरळ केली. पाठ सरळ करा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ती टाइप करू लागली.

उमैमा पडद्याकडे बघत होती, निजामोद्दीनभाईही उठून मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर काहीच कळण्यासारखं नव्हतं, असं उमैमाने मला नंतर सांगितलं. अक्षरं होती, शब्द नव्हते. तुटकी, एकाला एक न लागणारी, कुठे नुसती वेलांटी. निजामोद्दीनभाईंनी तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई. कशाला तिला त्रास द्यायलाव?"

मी पडद्याकडे बघतच नव्हते. माझा चष्माही पर्समध्ये होता. मी ऐकत होते. टक. टकटक. मग थोडी जागा. टक. पुन्हा जागा, जरा मोठी. टकटक. ही अडखळणाऱ्या माणसाची जागा नव्हती. अडखळणारा कुठेही थांबतो. ही जागा मोजून सोडलेली होती, ठेका धरून. आणि प्रत्येक जागेत तिच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताच्या खांद्याला एक बारीकसा हिसका बसत होता.

"उमैमा," मी म्हटलं, "ती दोन्ही हातांनी टाइप करायलीय."

"म्हणजे?"

"उजवा हात वाजत न्हाई, एवढंच. त्याची वेळ ती सोडून राहिली. डाव्याची अक्षरं तेवढी उमटायलीत. बाकी सगळं बरोबर हाय."

तेवढ्यात सालेहाचा डावा हात रुमालाखालून वर उठला आणि हवेतला दांडा ढकलून खाली आला. तिची ओळ संपली होती.

निजामोद्दीनभाई मट्कन खुर्चीवर बसले. "या अल्ला," एवढंच म्हणाले, आणि नंतर बराच वेळ ते सालेहाच्या समोर यायला धजले नाहीत. कुणाला वाटेल त्यांना आनंद झाला असेल. झालाच असेल. पण इतके महिने आपण तिच्यासमोर काय काय बोललो, तेही त्यांना आठवलं असणार.

डाव्या हाताने दोन्हीकडची अक्षरं मारायला लावायची, हा माझा पहिला विचार. चालला नाही. डावा हात उजव्याच्या मुलखात गेला की परक्या घरात शिरल्यासारखा घाबरायचा. बोटं जागा विसरायची, परत आपल्या जागी येताना चुकायची. सालेहा चिडून "अरे!" म्हणायची आणि कीबोर्ड ढकलून द्यायची.

युक्ती उमैमाला सुचली, जेवताना. तिने ताटातली पोळी उचलली आणि मधोमध दुमडली.

"बाईनानी, कीबोर्ड असा दुमडला तर?"

"मोडंल की तो."

"खरा नाही हो! समजा. उजवी बाजू डाव्या बाजूवर आली. करंगळीवर करंगळी, मधल्या बोटावर मधलं बोट. दादीचं उजवं मधलं बोट जे काम करायचं, तेच काम डावं मधलं बोट करेल. फक्त कॉम्प्युटरला सांगायला पाहिजे, आता डाव्याचं अक्षर हवंय की उजव्याचं."

"आणि सांगायचं कुणी? हात तर एकच हाय."

 उमैमा टेबलाखाली वाकून दादीच्या पायांकडे बघायला लागली. डावा पाय चांगला होता.

तिने सरळ माउस उचलून जमिनीवर ठेवला. माउसचं बटण दाबून धरलं की डाव्या बोटांखाली उजवीकडची अक्षरं यायची, सोडलं की पुन्हा डावीकडची. तसा प्रोग्राम तिने दोन दिवस कॉलेजला दांडी मारून लिहिला. पण माउस काही पायाखाली राहायची वस्तू नाही. तो सरकायचा, पलंगाखाली जायचा, मी आणि उमैमा त्याला झाडूने ओढून काढायचो. एकदा सालेहाने रागात असा पाय दिला, की माउसचं टरफल फुटलं.

निजामोद्दीनभाई हे सगळं दारातून बघत होते. ते आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते हातात शिलाई मशीनच्या मोटारीचं पेडल घेऊन. त्यांची मशीन दुकान बंद केल्यापासून चादरीखाली होती. पेडल पुसून चकचकीत केलं होतं.

"हे घे," ते उमैमाला म्हणाले. "रमजानात लई गर्दी असायची, तवा तुझी दादी माझ्या मशीनवर बसायची. डाव्याच पायानं चालवायची. मी म्हणायचो, उलटी बाई हाय."

सालेहाने पेडलकडे पाहिलं. "अरे," ती म्हणाली, आणि या वेळी तो एकच शब्द ऐकून निजामोद्दीनभाई लाजले. काय म्हणायचं होतं ते त्या दोघांनाच ठाऊक.

उमैमाने फुटलेल्या माउसमधून बटण काढलं आणि तारा पेडलच्या आत नेल्या. पेडल दाबलं की माउस दाबला. असं आमचं यंत्र तयार झालं. अर्धा कीबोर्ड, अर्धा माउस, एक शिलाई मशीनचा तुकडा, आणि उमैमाचा प्रोग्राम. लिहिता लिहिता कॉम्प्युटर पुढचा शब्दही सुचवायचा, तो डाव्या हाताने आकडा दाबून घेता यायचा. लिहिलेलं तो मोठ्याने वाचूनही दाखवत असे. पण आतून वाचणारी ती बाई दिल्लीची असावी. तिचा मराठी उच्चार ऐकून सालेहाने असं तोंड केलं, की उमैमाने तो आवाज बंदच करून टाकला. वाचायचं काम माझ्याकडे आलं.

मग मी पुन्हा शिकवायला लागले. किती वर्षांनी! क डाव्या मधल्या बोटाखाली आणि काना उजव्या मधल्या बोटाखाली असायचा. आता दोन्ही एकाच बोटाखाली, पाय वर असला की क, पाय खाली असला की काना. "का का का," मी म्हणायची. टक, कट्ट-टक. टक, कट्ट-टक. कट्ट म्हणजे पेडल. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने वर येऊन विचारलं, मशीन पुन्हा सुरू केली का म्हणून, तिला दोन ब्लाउज शिवून हवे होते.

पाय आणि हात यांचं जमायला वेळ लागला. हात पुढे पळायचा, पाय मागे राहायचा. पण बोटांना जागा ठाऊक होत्या, फक्त बाजू बदलली होती. मी रुमाल टाकायची, पट्टी घेऊन शेजारी बसायची. तिची पाठ वाकली की पट्टीने टेबलावर टकटक करायची. तिने पहिलं पूर्ण वाक्य लिहिलं, ते मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"चहात साखर नसते. रोज."

रोज चहा निजामोद्दीनभाई करायचे. "डॉक्टरांनी न्हाई म्हणलंय!" ते आतून ओरडले. आणि मग स्वतःच बाहेर येऊन ते वाक्य पडद्यावर परत परत वाचत उभे राहिले.

त्यानंतर ती रोज थोडं थोडं लिहायची. उमैमाच्या ओढणीचा रंग वाईट आहे. पंखा हळू करा. हे बी बाई तुम्ही पूर्वीसारखंच चुकीचं सांगताय. तिला लातूरबद्दल विचारावं असं माझ्या मनात रोज यायचं, आणि रोज मी ते पुढे ढकलायची. सगळ्यांसमोर विचारू, म्हणजे कुणाला नाकारता येणार नाही, असं मी स्वतःला सांगायची.

ईद झाली. यासेर आणि त्याची बायको रुखसार गाडी घेऊन आले. रुखसारने शीरखुर्म्याचा डबा आणला होता. जेवणं झाली, सामानाची भाषा सुरू झाली. कपाट न्यायचं की इथेच विकायचं. मी हात पुसत पुढे आले.

"यासेर, तुझ्या अम्मीला इचारलंस का?"

यासेर संकोचला. वाईट मुलगा नाही तो. "बाई, फोनवर उमैमानं सांगितलं अम्मी लिहायलीय म्हणून. पण… हे काय लहानसहान इचारायचं हाय का? तिच्यावर भार कशाला?"

"भार तिचाच हाय. तिलाच उचलू दे."

उमैमाने लॅपटॉप उघडला. मी खुर्ची पुढे सरकवली, सालेहाचा डावा पाय पेडलवर नीट ठेवला. रुमाल टाकायला गेले, तर तिने तो डाव्या हाताने बाजूला सारला. सगळ्यांसमोर शाळकरी पोर व्हायचं नव्हतं तिला.

"सालेहा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "लातूरला जायचं का? तुला काय वाटतं ते लिही. कुणाची भीड धरू नको."

ती टाइप करू लागली. मी पडद्याकडे पाहिलं नाही, ऐकत राहिले. टक, कट्ट-टक, टकटक. जागा नव्हत्या. कुठेच जागा नव्हत्या. सुपात गहू पाखडल्यासारखं नाही म्हणता येणार, पेडलचा कट्ट मध्ये येत होता, पण जवळपास तेच. हात वर उठला, हवेतला दांडा ढकलला, पुन्हा खाली आला. दुसरी ओळ. पुन्हा हात उठला.

"वाचा ना, बाईनानी," उमैमा म्हणाली.

मी चष्मा लावला.

"लातूरला जाते. इथं जिना आहे. मला धरून उतरवताना यांची कंबर दुखते, ते सांगत नाहीत. रात्री तेल लावतात, मला झोप लागली असं समजून."

 निजामोद्दीनभाई भिंतीकडे बघत होते. "उगी काय बी लिहिती," ते म्हणाले, पण त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला होता.

मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. इतकी मेहनत करून मी तिच्या तोंडून जे काढलं, ते मला नको होतं तेच निघालं. मला वाटलं होतं ती माझ्यासाठी थांबेल. आणि ती तर सगळं बघत होती. आम्ही सगळे तिच्याकडे बघायचं सोडून बोलत होतो, तेव्हा ती तेलाच्या बाटलीचा आवाज ऐकत होती.

यासेर अम्मीपुढे गुडघ्यावर बसला. "अम्मी, अजून काय पाहिजे सांग. तुला पाहिजे तसंच करू."

सालेहाचा हात पुन्हा कीबोर्डवर आला. "उमैमाला हॉस्टेलला ठेवा. माझ्या नावाखाली अभ्यास करत नाही."

"दादी!" उमैमा किंचाळली, आणि सगळे हसले. रुखसार डोळे पुसता पुसता हसली.

मग ती माझ्याकडे वळली. हात थोडा वेळ नुसता बटणांवर ठेवून बसली. नंतर लिहिलं, "बाई, रडू नका. आता तुम्ही टाइप करायला शिका."

मी खरंच रडत होते, आणि त्यातच मला हसू आलं. हजारो पोरींना शिकवलेली मी. माझी बोटं संधिवाताने अशी वाकडी झालीत, की मोबाईलवरचं एक अक्षर दाबायला जावं तर तीन दाबली जातात. तिला ते ठाऊक होतं.

उमैमाने माझ्या मोबाईलवर ते बोलून लिहायचं लावून दिलं. ज्याने सालेहाला अरे अरे करून दाखवलं होतं, तेच. माझ्याकडे आवाज आहे, बोटं नाहीत. तिच्याकडे बोटं आहेत, आवाज नाही. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं, असं मी म्हटलं, तर सालेहाने लिहिलं, "त्यात अक्कल माझी धरा."

ते लातूरला गेले, आणि उमैमाने तिथल्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम बसवून दिला. पेडल आणि कीबोर्ड निजामोद्दीनभाईंनी मांडीवर घेऊन नेला, सामानात टाकू दिला नाही. पहिले काही दिवस इतवाऱ्याकडे जाणाऱ्या ऑटोला मी हात करायची, आणि मग नको म्हणून परत पाठवायची.

संध्याकाळी मी गॅलरीत बसते आणि मोबाईलशी बोलते. आजची भाजी, शेजारच्या तनुजाच्या पोरीचं लग्न, लोह्याहून भावाने पाठवलेली ज्वारी, जे येईल ते. मोबाईल ते लिहून पाठवतो. थोड्या वेळाने तिकडून उत्तर येतं. पहिलं उत्तर होतं, "बाई, अख्ख्या पानात एकही पूर्णविराम नाही. नापास." तेव्हापासून मी बोलताना मध्येच मोठ्याने "पूर्णविराम" म्हणते. रस्त्यावरचे लोक वर बघतात.

मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा लातूरला गेले. सकाळच्या एसटीने. गंजगोलाईपासून ऑटो केली. यासेरचं घर बैठं आहे, अंगणात कढीपत्ता, दाराला हिरवा रंग. दाराशी जाऊन मी कडीला हात लावणार, तोच आतून आवाज आला.

टक, कट्ट-टक. टकटक, कट्ट-टक, टक.

हात खाली घेतला. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा अशी बाहेर उभी राहून ऐकत होते. ती आता पायाकडे लक्ष देत नव्हती, हे आवाजावरून कळत होतं. पाय हातात मिसळला होता. घाईत होती जरा, पण चूक नव्हती. मग एक क्षण शांत झालं. म्हणजे आता हात वर उठला असेल, हवेतला दांडा ढकलला असेल.

माझ्या पर्समध्ये मोबाईल थरथरला. मी तो काढून डोळ्यांशी नेला.

"बाई, एसटी कुठं आली? खिचडी गार व्हायली."

दार वाजवायचं मी अजून थोडं लांबवलं. आत तिने पुढची ओळ सुरू केली होती.